पणजीत इकेबानाच्या प्रदर्शनाला जायचंय, तिथे कसं वागतात?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी, शनिवारी पणजीत इकेबानाचं, म्हणजे जपानी फुलरचनेचं, प्रदर्शन आहे, आधी फुलं अर्पण करायचा छोटा विधी आणि मग शिकवणाऱ्या बाई सगळ्यांसमोर रचना करून दाखवणारेत. मावशीची पण एक रचना ठेवलीय म्हणून मला यायलाच सांगितलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही, आमच्याकडे फुलं म्हणजे देवाला, केसात अबोलीची वेणी नाहीतर फ्लॉवरपॉटात भरगच्च. तीन काड्या आणि एक फूल बघून मावशीला काय सांगू? आणि आईला नेऊ का, तिचे गुडघे दुखतात.

पेरूची फांदी:
आईला ने गं, फक्त मावशीला सांगून खुर्ची आधीच धरून ठेव. मी सोगेत्सू पद्धतीचं शिकतेय (तेशिगाहारा सोफू यांनी १९२७ला सुरू केलेली). त्या तीन काड्यांचं माप असतं, सगळ्यात उंच ती शिन, भांड्याची रुंदी आणि उंची मिळवून त्याच्या साधारण दीडपट, दुसरी सोए तिच्या पाऊणपट, तिसरी हिकाए अजून आखूड. खाली पाण्यात केन्झान असतो, जड चकती आणि वर पितळी सुया, त्यावर सगळं खोचायचं. मी पहिल्यांदा अंगणातल्या पेरूची फांदी नेली होती, पानांनी भरलेली, बाईंनी एकेक पान काढत शेवटी सातच ठेवली आणि तेव्हा कुठे मला त्या फांदीचा बाक दिसला, रोज तिच्याखालून जात होते मी! मावशीला विचार, काय काय काढून टाकलंस? ती तासभर बोलेल बघ.

म्हापसेकर:
हात लावायचा नाही, वास घ्यायला पण वाकू नका, धक्का लागला की फांदी फिरते. दोन हात लांब समोर उभं राहायचं, मान किंचित लववायची, आधी अख्खी रचना बघायची, मग भांडं, निघताना परत मान लववायची. फोटो विचारून, फ्लॅश नको. विधी चालू असताना बोलू नका, कारण ही कला बुद्धाला फुलं वाहण्यातूनच आलीय, क्योतोच्या रोक्काकुदो देवळातले पुजारी तळ्याकाठी राहायचे म्हणून त्यांच्या घराण्याचं नाव इकेनोबो, आणि १४६२ सालची नोंद आहे त्यातल्या एकाच्या रचनेची. देठ पाण्यात बुडवून कापताना नीट बघा, त्याला मिझुकिरी म्हणतात, देठात हवा शिरत नाही आणि फूल टिकतं. आपल्या उकाड्यात हे घरी पण करा.

माटोळीवाला:
मला पटतं ते एवढंच की चतुर्थीला आपण रानात जाऊन माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती) सामान गोळा करतो, कांगलां, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे, म्हणजे त्या महिन्यात रानात जे असतं ते देवापुढे येतं, तसंच इथे पण ऋतू बघायचा. आपली भरगच्च, त्यांची मोकळी, मला दोन्ही आवडतात. तुझ्या आईने माटोळी बांधलेली असेल तर तिला तुझ्याआधी कळेल.

फोंडेकरीण:
आई दरवर्षी बांधते! तिला आत्ता वाचून दाखवलं, विचारतेय पेरूची फांदी वाकवतात कशी, मोडत नाही?

पेरूची फांदी:
दोन्ही हातांनी धरून अंगठे जवळजवळ ठेवायचे आणि हळूहळू दाबत न्यायचं, एकदम नाही. ताजी फांदी घ्या, वाळकी मोडते.