एकटेपणा भाषेमुळे नाही, मुक्कामामुळे

परदेशी स्वयंसेवेत एकटं पडतं ते भाषेमुळे, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. काम एकीकडे आणि मुक्काम हॉस्टेलवर असला की संध्याकाळनंतर तुम्ही पाहुणेच. याउलट कॅम्पहिल हे सहजीवनाचं केंद्र बघा. ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या डॉ. कार्ल क्योनिग यांनी १९४० मध्ये स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनजवळ ते सुरू केलं. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं आणि स्वयंसेवक एकाच घरात राहतात, एकत्र जेवतात. पगार नाही, राहणं-जेवण आणि हातखर्च मिळतो. नवखे चुकतात ते मदतीच्या उत्साहात. समोरच्याला शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात म्हणून पटकन स्वतःच लावून देतात. मग तो प्रयत्नच सोडतो, आणि ओळख वाढायची ती दहा मिनिटंही हातची जातात.

भारतातून जाणाऱ्यांसाठी: ब्रिटनचा चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, आणि त्याआधी संस्थेचं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट. ‘व्हिजिटर व्हिसावर जमवू’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. त्यावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसच काम चालतं, तेही सहलीचा मुख्य हेतू दुसरा असेल तरच.