मदत हवी आहे : घरच्या कॅसेट-सीडींची यादी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. बाबांनी जमवलेल्या कॅसेट, तबकड्या, सीडींनी दोन कपाटं भरलीत. नाट्यसंगीत, भजनं, कन्नड वचनं, सगळंच. कुठली कुठून आणली हे फक्त त्यांना ठाऊक, आणि ते सांगतायत तोवर नोंदी व्हाव्यात अशी फार इच्छा आहे.

खरी अडचण लिपीची. कुमार गंधर्व आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचे, पण नाव एका कव्हरवर देवनागरीत, दुसऱ्यावर इंग्रजीत. वचनांच्या कॅसेटवर तर सगळं कन्नडमध्येच. कुठल्याही लिपीत शोधलं तरी सापडायला हवं. बारकोड स्कॅन करणारी अ‍ॅप सीडीपुरती ठीक, जुन्या कॅसेटवर बारकोडच नाही. तिथे छापलेला कॅटलॉग नंबर हाच आधार. डिस्कॉग्ज या तबकड्या-कॅसेटांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर तो टाकून बघितला, पण आमच्या बऱ्याच मराठी कॅसेट तिथे मिळाल्या नाहीत. जेलीफिन, कोडी वगैरे कॉम्प्युटरवरच्या फायली वाजवायला उत्तम, कपाटातल्या वस्तूंसाठी नव्हेत.

टेलिको आणि डेटा क्राऊ ही संग्रहाची यादी ठेवायची सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. टेलिको मुख्यतः लिनक्सवरचं आणि घरी विंडोज, म्हणून डेटा क्राऊकडे कल आहे. ‘कपाट-खण’, ‘कोणाला दिली’ आणि ‘बाबा काय म्हणाले’ हे रकाने मला हवेतच.

कुणी डेटा क्राऊमध्ये देवनागरी आणि कन्नड एकत्र वापरलंय का? शोध नीट लागतो का? की सरळ लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखं) तिन्ही लिप्यांचे वेगळे रकाने करून सुरुवात करू? निपाणी-बेळगावकडे कुणी असा संग्रह लावला असेल तर जरूर सांगा.