लांबच्या टूरला मागे कुणाला बसवू नये, एकट्यानेच जावं

घाटवाट (धागाकर्ता)

पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे असा बेत आहे. घरात आणि मित्रांत एकच विषय चाललाय, मागे कोण बसणार. माझं मत इथे मांडतो. विरोध असेल तर तोही कारणांसकट ऐकायचा आहे. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जायचं असेल तर मोटरसायकलवर एकट्यानेच जावं.

मागची सीट जवळजवळ चाकाच्या डोक्यावर असते. खड्डा दिसला की चालवणारा फूटरेस्टवर भार देऊन अंग किंचित उचलतो, गुडघे धक्का खातात. मागच्याला समोर फक्त हेल्मेट दिसतं. माणगावच्या पुढे म्हसळ्याकडे वळलं की गावागावात स्पीडब्रेकर आहेत, सगळ्यांवर पांढरे पट्टे नसतात. तो दणका मागच्याच्या कंबरेत जातो. अचानक ब्रेक लागला तर त्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं. थ्रॉटल त्याच्या हातात नाही, ब्रेक नाही, रस्ताही दिसत नाही. दिवसभर अशा जागी माणसाला बसवायचं आणि त्याला सहल म्हणायचं, हे मला पटत नाही.

दुसरं वजनाचं. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. हेल्मेट-जॅकेटसकट ६५ किलोचं माणूस मागे बसलं तर गाडीच्या एक तृतीयांश भार वाढला, आणि तो सगळा मागे आणि वर. चढाच्या वळणात पुढचं चाक हलकं लागतं. एकट्याने ट्रकच्या पुढे जायला जेवढा मोकळा रस्ता पुरतो, तेवढा डबलसीटला पुरत नाही. हा हिशेब डोक्यात नसलेले लोक घाटात काय करतात ते रोज दिसतं.

एकटा असलो की चूक झाली तर ती माझ्या अंगावर. मागे माणूस असताना माझ्या चुकीची किंमत तो मोजतो.

सागरवेडी

घाटवाट, माझ्या कंबरेची काळजी केलीत, पण मला विचारलं नाहीत. मी नवऱ्यामागे बसून कोकण फिरते आणि ते मला आवडतं म्हणून फिरते. कुणी बसवतं म्हणून नाही.

तुम्ही ज्या रस्त्याने निघालाय तिथे मागचं माणूस काय करतं ते सांगते. बागमांडल्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीत, गाडी घालायची असते, पलीकडे वेश्वी. पुढे दाभोळहून धोपावे, मग तवसाळहून जयगड. भरती-ओहोटीप्रमाणे धक्क्याचा उतार कमी-जास्त होतो, काँक्रीट ओलं आणि शेवाळलेलं असतं, आणि वर बोटीचा लोखंडी पत्रा. मी आधी उतरते, टँकबॅग काढून घेते, पुढे जाऊन पाय घसरतोय का ते बघते आणि हात करते. मग तो पहिल्या गिअरवर, पुढचा ब्रेक न ओढता, गाडी आत घेतो. वरच्या बॅगेसकट एकटा उतरणारा माणूस तिथे पाय टेकवायला जागा शोधत असतो. गाडी आडवी झाली तर १९५ किलो एकट्याने उचलायची आहे, तीही त्या उतारावर.

आणि आरे-वारेच्या वळणावर खाली समुद्र दिसतो तेव्हा चालवणाऱ्याने वळणाकडेच बघायचं असतं. मी पोटभर बघते. गाडीवरून कोकण बघण्याची सगळ्यात चांगली जागा मागची आहे, हे मी मनापासून सांगते.

घाटवाट

तुमची हौस आहे, सवयही आहे. माझा मुद्दा जे पहिल्यांदा बसतात त्यांच्याबद्दल आहे. बायको, भाऊ, मैत्रीण "चल ना, मजा येईल" एवढ्यावर निघतात. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत नसताना दिलेल्या होकाराला मी होकार धरत नाही.

गॅरेजवाला_मिरज

दोघांचंही अर्धंच बरोबर. माझ्याकडे टूरवरून आलेल्या गाड्या येतात, त्यात डबलसीटची म्हणून जी तक्रार असते ती बहुतेक वेळा गाडी डबलसीटला लावलेलीच नसल्याची असते.

मागच्या शॉकअपला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे, टप्पे असतात. टूलकिटमधला आकड्यासारखा पाना लावून रिंग फिरवायची, पाच मिनिटांचं काम. किती जणांनी गाडी घेतल्यापासून तो पाना बाहेर काढलाय? एकट्याच्या सेटिंगवर दोघं आणि सामान बसलं की शॉकअप आधीच दबलेला असतो. मग खड्ड्यात तो तळाला जाऊन ठोकतो आणि तो ठोका मागच्याला बसतो. घाटवाट यांनी सांगितलेल्या दणक्यातला बराच हा आहे. गाडीचं ढुंगण खाली बसलं की हेडलाइट वर जातो. समोरचा सारखा डिपर मारायला लागला की समजून जा.

हवा. पुस्तकात एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा. मागच्या चाकाला बहुतेक गाड्यांत तीन-चार पीएसआय जास्त लागते. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच हवा भरतो, त्याला सांगावं लागतं.

चेन. चेनचा ढिलेपणा बघायचा तो भार आल्यावर काय होईल हे लक्षात घेऊन. माणूस बसून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर गेला की चेन ताणली जाते. आधीच कडक ठेवली असेल तर बेअरिंगवर येतं आणि स्प्रॉकेट खातं.

आणि "मागच्याला धरायला काही नाही" असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो, मोटार वाहन नियमावलीतल्या नियम १२३ प्रमाणे मागच्यासाठी पकड, फूटरेस्ट आणि चाकावर संरक्षक जाळी द्यावीच लागते. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ती. कंपनी देते. पोरं गाडी "क्लीन" दिसावी म्हणून मागचा हँडल आणि साडीगार्ड दोन्ही काढून ठेवतात आणि मग त्याच गाडीवर माणूस बसवून महाबळेश्वर चढतात. ओढणी चाकात गेलेली मी पाहिली आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. ते काढू नका.

एकटीच_निघते

मी एकट्याच्या बाजूने, पण घाटवाट यांच्या कारणासाठी नाही. या धाग्यात मागे बसणारी कोण, हे सगळ्यांनी धरूनच टाकलंय. बायको, मैत्रीण. पुण्यात २०११ साली 'द बायकर्नी' हा बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला, त्यालाही आता इतकी वर्षं झाली. तरी नाक्यावर गाडी थांबवली की पहिला प्रश्न येतो, "मागे कुणी नाही?" आणि त्याचा अर्थ "बरोबर पुरुष नाही?" असा असतो.

मी रॉयल एनफिल्डची हिमालयन चालवते. एकटी असले की कुठे थांबायचं, किती वेगाने जायचं, आंबोलीत धुकं उतरलं तर पुढे जायचं की चौकुळच्या फाट्यावर चहा पीत बसायचं, हे मी ठरवते. मागे बसून हे शिकता येत नाही. सागरवेडी ताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ज्या बाईला गाडी चालवायची आहे तिला "मागची जागा सगळ्यात छान" असं सांगू नका. तिला किल्ली द्या.

सागरवेडी

द्याच. मी कुठे नको म्हटलं? पण चालवायचं नाही आणि तरी मोटरसायकलवरूनच फिरायचं आहे अशी बाई असू शकते, हेही मान्य करा. चालवता येत नाही म्हणून मी मागे बसत नाही. बेत मी आखते, मुक्काम मी ठरवते. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. दोन थापा पडल्या की तो विचारत नाही का म्हणून, आधी बाजूला घेतो. हे ठरलेलं नसेल तर कुणीच कुणामागे बसू नये, एवढं घाटवाट यांचं मला मान्य.

नाना_चिपळूण

कोकणापुरतं बोलताय म्हणून ठीक. मनालीहून लेहला जाताना टांडीला पेट्रोलपंप लागतो, तिथे पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे एकट्याने जायचं की दुकट्याने ते सांगा. बारालाचाची खिंड ओलांडून गेल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली, तर आपण नीट बोलतोय की असंबद्ध, हे आपलं आपल्याला कळत नाही. दुसऱ्याला कळतं. विरळ हवेचा त्रास ओळखायला बरोबर माणूस लागतो. वयाने मोठं माणूस म्हणून सांगतो, एकट्याने जाण्याचा हट्ट तिथे करू नये.

घाटवाट

नाना, बरोबर माणूस हवा हे शंभर टक्के. पण तो दुसऱ्या गाडीवर. त्याच टांडीच्या पाटीपुढे उभं राहून हिशेब करा. जुन्या हिमालयनची टाकी १५ लिटरची. दोन माणसं, दोघांचे थंडीचे कपडे, शिवाय जास्तीच्या पेट्रोलचे कॅन. उंचीवर इंजिनाची ताकद आधीच कमी होते, मोरे प्लेन्सच्या पठाराआधीच्या चढांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जळतो तो अशाच गाड्यांचा. आणि त्रास मागच्याला झाला तर? बसल्याजागी डुलकी लागली तर माणूस पडेल. दोन गाड्या, दोन माणसं. हे मी एकट्याच्या बाजूचंच मत धरतो, कारण गाडीवर एकच माणूस आहे.

नाना_चिपळूण

आणि ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने लेह बघायचंच नाही?

घाटवाट

बघावं. मनालीहून बस जाते, जीप जाते. विमान तर थेट लेहला उतरतं. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून बघण्याचा आग्रह नको.

एकटीच_निघते

इथे मी नानांबरोबर. बसने गेलं की ती वेगळी सहल होते. वाऱ्याचा, थंडीचा, पाण्याच्या ओढ्यातून गाडी काढण्याचा अनुभव हवा असेल तर त्यासाठी स्वतः चालवणं हीच अट का?

गॅरेजवाला_मिरज

हेल्मेटचं कुणीच बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटचं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. चालवणाऱ्याचं हेल्मेट पाच हजारांचं आणि मागच्याला फुटपाथवरचं पाचशेचं, आयएसआयचा शिक्का नसलेलं, बक्कल तुटलेलं, असं चित्र दिसतं. जॅकेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट तर मागच्याला नसतातच. पडल्यावर रस्ता दोघांना सारखाच लागतो. मागच्यासाठी एवढं सामान घ्यायची तयारी नसेल त्याने घाटवाट यांचं ऐकावं आणि एकट्यानेच जावं.

सागरवेडी

अगदी. आम्ही माझं जॅकेट आधी घेतलं, त्याचं नंतर.

घाटवाट, पुळ्याला तुमच्या घरातलं जे कुणी यायचं म्हणतंय त्याला आधी मुळशीपर्यंत नेऊन आणा. सकाळी निघा, प्रीलोड लावून, हवा बघून. तिथे नाश्ता करून विचारा, पुढे यायचंय का. नाही म्हणाले तर एकटे जा. हो म्हणाले तर पुळे एका दिवसात गाठायचा हट्ट सोडा आणि आंजर्ल्याला मुक्काम धरा. दोनशेची मर्यादा तुम्हीच घातली आहे, ती पाळली तर तुमच्याच नियमात बसतं.

घाटवाट

मुळशीचं करतो. पण ताम्हिणी पावसात असेल तर उत्तर काहीही आलं तरी मी एकटाच जाणार. तो निर्णय चालवणाऱ्याचा.

सागरवेडी

पावसात न नेण्याचा निर्णय तुमचा, कबूल. पाऊस थांबेपर्यंत बेत पुढे ढकलायचा की त्यांना घरी ठेवून निघायचं, तो मात्र दोघांचा.