फ्लेमिंगो थीमचा वाढदिवस ४००० रुपयांत कसा बसवावा?

खाडीकाठ_ऐरोली: लेक ४ वर्षांची होतेय. सोसायटीचा हॉल मिळालाय, १२ मुलं आणि जवळपास तेवढेच मोठे. तिला खाडीतले फ्लेमिंगो फार आवडतात, म्हणून तीच थीम. सजावट, खाणं, खेळ घरीच जमवायचंय. छापील बॅनर नको.

पुठ्ठा_कातर: केकमागची एकच भिंत सजवा, बाकीच्या भिंतींवर खर्च करू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं मागून आणा आणि ३ फुटी २ पक्षी कापा. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी उभ्या येतील असं बघा. आडव्या आल्या की मान तिथेच दुमडते. पाय बांबूच्या काठ्यांचे, मागून चिकटपट्टीने पक्के. पोस्टर कलर देऊ नका, एक बाजू ओली झाली की पुठ्ठा वाकतो. त्याऐवजी गुलाबी क्रेपचे २ इंची पट्टे झालरीसारखे कातरून शेपटीकडून मानेकडे चिकटवत जा, म्हणजे प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीचा डिंक झाकते. चोचीचं टोक काळं हवंच, नाहीतर तो बगळा वाटतो.

फुगे ५० पुरे. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारातून पाकीटच घ्या, सुटे महाग पडतात. १० इंची फुगा ८ इंचच फुगवा. गच्च भरलेले उन्हाच्या खिडकीपाशी फुटतात. फुटलेले तुकडे लगेच उचला, लहान मुलं ते तोंडात घालतात. थर्मोकोल नको, सजावटीसाठी त्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

वाफाळ: केक १ किलोच घ्या, २४ जणांना ४० ग्रॅमचा तुकडा येतो. पोट भरायला गुलाबी मिनी इडल्या. १ किलो आंबवलेल्या पिठात साधारण ९० होतात. एका मध्यम बिटाची गाळलेली प्युरी अगदी शेवटी मिसळा. सोडा किंवा इनो टाकू नका: बिटाचा रंग आंबटात टिकतो, सोड्याने तपकिरी होतो. जास्त वाफवलं तरी उतरतो, ७-८ मिनिटांत काढा.

चिखलपाय: खेळ पक्ष्याकडूनच घ्या. फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी गाळतो. टबात ३ इंच पाणी, स्पंजचे गुलाबी तुकडे, आणि मुलांच्या हातात झारा. टबाशी एक मोठं माणूस कायम हवं. दुसरा खेळ लंगडी, पण ४ वर्षांच्या मुलांना पळवू नका, एका पायावर नुसतं उभं राहू द्या. पिल्लू राखाडी असतं आणि शैवाल, कोळंबीसारख्या खाण्यातल्या रंगद्रव्याने गुलाबी होतं, हेही सांगा. राखाडी कागदी पिल्लू आणि गुलाबी खडू दिला की रिटर्न गिफ्टही झालं.

खाडीकाठ_ऐरोली: हॉलच्या फरशीवर पाणी सांडलं तर?

चिखलपाय: मग टबात पाण्याऐवजी चुरमुरे भरा. मोठ्या भोकांचा झारा घ्या, म्हणजे चुरमुरे खाली पडतात आणि स्पंज वर राहतो. अर्धा किलो भरपूर होतात. खाली जुनी चादर अंथरा, झाडायला सोपं जातं.