डेल्फी सर्व्हे कशावर घ्यावा? बजेट ६ हजार, पॅनेल यवतमाळ-वर्धा भागातलं

कपाशीवाली_डॉक्टर
नमस्कार. पीएसएमला (सामाजिक वैद्यकशास्त्र) पीजी करते आहे. थीसिसचा विषय असा: फवारणीतून विषबाधा झालेला माणूस पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आला की पहिल्या तासात काय काय व्हायलाच हवं, याची यादी. डेल्फी पद्धत, म्हणजे जाणकारांना नावं गुप्त ठेवून फेऱ्याफेऱ्यांनी विचारायचं आणि एकमत शोधायचं. तीन फेऱ्या. पॅनेलमध्ये मेडिसिनचे प्राध्यापक, पीएचसीचे एमओ (वैद्यकीय अधिकारी), नर्स, १०८ वरचे डॉक्टर आणि आशाताई. कोणी काय उत्तर दिलं हे दुसऱ्याला कळता कामा नये. प्रश्न दोनच. सर्व्हे कशावर घेऊ आणि किती टक्क्यांना 'एकमत' म्हणू? बजेट ६ हजार, तेही खिशातले. टॅब, लॅपटॉप सुचवू नका.

वर्धेकर७१
टॅबच घ्या. आमच्या प्रोजेक्टला सगळ्यांना टॅब दिले होते, डेटा एकदम स्वच्छ आला. सेकंडहँड घेतले तर ५० हजारांत बसेल.

कपाशीवाली_डॉक्टर
दादा, ६ हजार. पन्नास नाही.

बोंडअळी_बाप्पा
काहून एवढा कुटाणा करता ताई? व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा, पोल टाका. फुकटात काम होते.

आकडेमोड
व्हॉट्सॲपच्या पोलवर कोणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं बाप्पा. एमओनं काय टिचकी मारली ते पाहूनच आशा टिचकी मारणार. मग डेल्फी कशाला, सरळ हात वर करायला लावा.
माझं मत रेडकॅप, म्हणजे संशोधनाचे सर्व्हे घेण्याचं सॉफ्टवेअर. ना-नफा संस्थांना फुकट आहे, फक्त कॉलेजने करार केलेला हवा आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

हिरवा_पेन
हल्ली कोणीही दोनदा फॉर्म पाठवतो आणि त्याला डेल्फी म्हणतो. ही पद्धत १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये अमेरिकी हवाई दलाच्या कामासाठी उभी राहिली. डाल्की आणि हेल्मर यांचा लेख १९६३ चा. नाव गुप्त, फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर गटाचं उत्तर परत दाखवणं आणि शेवटी आकड्यांत मांडलेला निकाल, ही चार अंगं हवीत. एक जरी गाळलं तरी मी परीक्षक म्हणून विचारणारच. मी माझ्या काळात पोस्टाने फेऱ्या केल्या आहेत.

वर्धेकर७१
पोस्टाने? तोवर पॅनेलमधले निम्मे रिटायर झाले असतील सर.

आकडेमोड
शिवाय मधे मीटिंग घेतली तरी चालतं. रँड-यूसीएलए पद्धतीत पहिल्या गुणांकनानंतर तज्ज्ञ समोरासमोर बसतात आणि मग पुन्हा गुण देतात.

हिरवा_पेन
ती वेगळी पद्धत. तिला तिच्या नावाने हाक मारा.

(इथून दोघांचे बरेच प्रतिसाद याच मुद्द्यावर आहेत. ज्यांना रस नाही त्यांनी खाली सरका. – संपादक)

उपकेंद्र_ताई
मॅडम, मी अशा एका सर्व्हेत पॅनेलवर होते म्हणून सांगते. नाव गुप्त ठेवलं होतं, पण दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे शेरे जसेच्या तसे छापून पाठवले. त्यात एक शेरा "सदर बाबीचा सांगोपांग विचार करता" असा सुरू होत होता. आख्ख्या तालुक्यात असं लिहिणारे एकच साहेब. तिसऱ्या फेरीत आम्ही सगळ्या साहेबांच्या बाजूला. एकमत मात्र झकास झालं.
तेव्हा शेरे परत पाठवण्याआधी तुमच्या शब्दांत लिहून काढा. ॲप कोणतं ते नंतर बघा.

बोंडअळी_बाप्पा
हा हा. ते साहेब आमच्याकडेच बदलून आले वाटते.

शिरपूरचा_एमओ
वरच्या ताईंशी सहमत. गूगल फॉर्म पुरेसा आहे. ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा, प्रत्येकाला एक कोड द्या आणि पहिल्या प्रश्नात तोच भरायला सांगा. कोड कोणाचा हे फक्त तुमच्या वहीत. कोड नसेल तर कोणाचं उत्तर राहिलं ते कळणार नाही आणि आठवण करता येणार नाही. दुसऱ्या फेरीत 'तुम्ही ५ दिले होते, गटाचा मध्यक ८' असं ज्याचं त्याला दाखवायचं असतं, तेही अडेल. 'एकदाच उत्तर' ही सेटिंग लावू नका, ती लॉगिन मागते. इथल्या बऱ्याच आशांचा फोनवरचा मेल मुलाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याकडे.
प्रश्न तपासायला इथे टाका.

कपाशीवाली_डॉक्टर
एक नमुना: "ॲट्रोपिन तातडीने सुरू करावे व रुग्णास जिल्हा रुग्णालयात पाठवावे." १ ते ९ गुण.

शिरपूरचा_एमओ
हे दोन प्रश्न आहेत. ॲट्रोपिनला मी ९ देईन. पाठवण्याला कदाचित ४, कारण माणूस स्थिर नसताना गाडीत टाकला तर रस्त्यातच जाईल. मी ६ दिले तर तुम्ही त्यातून काय काढणार? तोडा. शिवाय कीटकनाशक कोणतं हेही लिहा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाला ॲट्रोपिनचा उतारा लागतो, प्रत्येक कीटकनाशकाला नाही.

बोंडअळी_बाप्पा
तुमचा पहिला तास पीएचसीतच सुरू होते का? माणूस धुऱ्यावर पडते, मंग गाडी शोधा, पेट्रोल टाका, तवरिक अंगावरचा शर्ट तसाच भिजलेला. यवतमाळात २०१७ साली एवढे लोकं गेले, तेव्हा पेपरात तज्ज्ञच तज्ज्ञ बोलले. फवारणाऱ्याले कोणी विचारलं का? तुमच्या पॅनेलमध्ये बी फवारणारा नाही.

हिरवा_पेन
विषयांतर.

शिरपूरचा_एमओ
विषयांतर कसं सर? भिजलेले कपडे काढणं, साबण-पाण्याने अंग धुणं हे यादीत हवंच. मॅडम, पहिली फेरी उघड्या प्रश्नाची ठेवा म्हणजे असं वर येईल. आणि बाप्पांचं ऐका, दोन-तीन फवारणी मजूर घ्या.

आकडेमोड
टक्क्यांबद्दल कोणी बोललंच नाही. बऱ्याच ठिकाणी हा नियम वापरतात: ७० टक्के किंवा जास्त लोकांनी ७ ते ९ दिले आणि १ ते ३ देणारे १५ टक्क्यांहून कमी, तर बाब आत. काही जण ७५ घेतात, काही ८०. आकडा कोणताही घ्या, पण पहिली फेरी सुटायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये लिहा. निकाल पाहून रेघ ओढली की संपलं. निकाल गटवार वेगळाही काढा, नाहीतर वीस डॉक्टरांत पाच आशा बुडतात. आणि जिथे एकमत झालं नाही त्या बाबी लपवू नका, थीसिसमध्ये छापा.

वर्धेकर७१
७५ घ्या. आम्ही ७५ घेतलं होतं. टॅबवर.

कपाशीवाली_डॉक्टर
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: ७० टक्क्यांचा नियम, तोडलेले प्रश्न, गटवार निकाल, दोन फवारणी मजूर. गूगल फॉर्म मात्र फक्त डॉक्टरांना. आशाताई, नर्स आणि मजुरांना फोन करून उत्तरं विचारणार. फोन आमच्या खात्याबाहेरची एक मैत्रीण करेल, तिच्याकडे फक्त कोड असतील. खर्च रिचार्जचा.

आकडेमोड
फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल असं बोलतो. अर्ध्यांना फॉर्म, अर्ध्यांना फोन, ही दोन वेगळी मापं झाली. करू नका.

हिरवा_पेन
प्रथमच आकडेमोड यांच्याशी सहमत.

उपकेंद्र_ताई
मलाही हे पटत नाही मॅडम. आम्हाला फॉर्म भरता येतो हो.

कपाशीवाली_डॉक्टर
ताई, ज्यांना फॉर्म हवा त्यांना फॉर्म देईन. पण पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) आशांनी सगळीकडे ९ टाकले होते आणि फोनवर त्याच बाबीवर "आमच्या उपकेंद्रात पाणीच नाही, अंग कुठं धुवायचं" हे निघालं. मी फोनच करणार. गाइडना कळवलं आहे, एथिक्स कमिटीला सुधारित अर्ज उद्या जातो.

बोंडअळी_बाप्पा
फवारणारे पाहिजे असतील तर सांगा, इकडं लय आहेत. फक्त फोन संध्याकाळी सातच्या मागं करा, दिवसा पंप पाठीवर राह्यते.