टेरेसची गळती आणि दिलेला शब्द (फोंड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप)

ए-३०२ नाईक काका: नमस्कार. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शब्द दिला होता की पावसाआधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग होणार. आता चतुर्थी तोंडावर आली आणि माझ्या बेडरूममध्ये पंख्याच्या वरच्या वाटीतून पाणी ठिबकतंय, पलंग सरकवून खाली बालदी ठेवलीय, पंखा लावायला भीती वाटते. आमच्या वडलांच्या वेळी माणूस एकदा बोलला की बोलला.

बी-१०४ प्रभू: मिनिट्समध्ये लिहिलं होतं का?

सेक्रेटरी: काका, शब्द काँट्रॅक्टरने दिलेला, आम्ही फक्त तुम्हाला कळवला. ॲडव्हान्स घेतलाय, आता फोन उचलत नाही. आणि भर पावसात ते काम होत नाही हे तुम्हालाही माहीत आहे 🙏

ए-३०२ नाईक काका: वा. म्हणजे आता शब्दालाही सबकाँट्रॅक्ट.

सी-२०३ शिरोडकर मामी: काका बरोबर बोलतात. माझ्या सासऱ्यांनी नणंदेचं लग्न तोंडी ठरवलं, मागाहून मोठं स्थळ चालून आलं तरी मागे फिरले नाहीत. तशी माणसं आता नाहीत

बी-३०१ तेजस: नणंदेला विचारलं होतं का मामी? 😄

सी-२०३ शिरोडकर मामी: ती सुखात आहे. विषय तो नाही.

सी-१०२: माझ्या पार्किंगमध्ये निळी स्कूटर कोणाची?? तिसऱ्यांदा विचारतेय

बी-१०४ प्रभू: परत विचारतो, मिनिट्समध्ये होतं का?

बी-३०१ तेजस: राग मानू नका काका पण पूर्वी सगळे शब्द पाळायचे तर १९७५ ला मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) कायदा कशाला आणावा लागला? भाटकाराने म्हणजे जमीनमालकाने तोंडी सांगितलेलं, राहा बाबा माझ्या भाटात, माडांवर लक्ष ठेव. पोराच्या हातात कारभार आला की घर खाली कर. कागद नाही काही नाही, कोणाकडे जाणार? आमचे पणजोबा मुंडकारच, म्हणून सांगतो. शब्द पाळला जायचा तो बरोबरीच्या माणसाला दिलेला.

ए-३०२ नाईक काका: सगळे भाटकार तसे नव्हते.

बी-३०१ तेजस: सगळे काँट्रॅक्टरही तसे नसतील 🙂

बी-४०१ वकीलबाई: तोंडी करारसुद्धा करारच असतो, १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट वाचा. अडचण फक्त सिद्ध करण्याची. पूर्वी लोक देवळात जायचे, देवाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की डावी त्यावर प्रसाद, म्हणजे देवाचा कौल. देवाच्या पायरीवर खोटं बोलायला घाबरायचे आणि गाव बघतोय हीपण भीती. माणसं जास्त चांगली होती असं नाही, लपायला जागा कमी होती. इथे काँट्रॅक्टरचा गाव कुठला तेच कोणाला माहीत नाही

सी-३०४: देवाचं राहू दे. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे), बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घातली. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार पलीकडे, भाजपात 😂

ए-३०२ नाईक काका: मी तेच म्हणतो. आजची पिढी.

सी-३०४: अहो काका १९९० मध्ये इथे मुख्यमंत्री १८ दिवस टिकला, ती तुमचीच पिढी

ॲडमिन: राजकारण नको प्लीज. नियम वाचा.

सी-२०१ आजी: (राम आणि दशरथ, फॉरवर्ड) वचनासाठी प्राण दिला 🙏🙏

बी-३०१ तेजस: आजी, वर देऊन मोकळा झाला दशरथ आणि रानात गेलं पोर. कैकेयीला आधीच विचारायचं ना काय काय मागणार ते.

सी-२०१ आजी: देवाची थट्टा करू नये.

सी-१०२: स्कूटर!!

बी-१०४ प्रभू: मिनिट्समध्ये असेल तर ॲडव्हान्स परत मागता येईल म्हणून विचारतोय, कोणी उत्तर देईल का

सेक्रेटरी: होतं. लिहिलं होतं "लवकरात लवकर".

बी-४०१ वकीलबाई: 🤦‍♀️

ए-३०२ नाईक काका: पाऊस जूनमध्ये येतो एवढंसुद्धा लिहायला सुचलं नाही? बरं. मी कोणाला वाईट बोलायला हे लिहिलं नाही. चतुर्थीला मुंबईची मुलं येतात, झोपणार कुठे?

सेक्रेटरी: काका, उद्या सकाळी ताडपत्री घालून घेतो. यावेळी मी स्वतः सांगतोय, काँट्रॅक्टर नाही.

बी-१०४ प्रभू: किती वाजता ते लिहा.

सेक्रेटरी: नऊ. पाऊस कमी असला तर.

सी-२०३ शिरोडकर मामी: टेरेसची चावी कोणाकडे आहे पण? गणपतीचं सामान ठेवल्यापासून मला दिसली नाही