बाइकच्या थंड इंजिनला खरखर, दोन मिनिटांत गायब. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडण्याआधी काय तपासायचं?

खरखर_१५०:
१५० सीसी, एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, २८,००० किमी. गाडी रात्रभर उभी असली की सकाळी चालू केल्यावर डाव्या बाजूने, सिलिंडरच्या वरच्या भागातून खरखर येते. आयडलला जास्त, थोडी रेस दिली की कमी. दोन-अडीच मिनिटांत जवळजवळ थांबते, गरम इंजिनला येतच नाही. ऑइल २०डब्ल्यू-५०, लेव्हल बरोबर. टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) ४,००० किमीपूर्वी सेट केलेत. कोणी टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) म्हणतं, कोणी पिस्टन.

फिलरगेज:
टॅपेटचा आवाज खरखरीसारखा नसतो, एका लयीत टिकटिक असतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे १,४०० आरपीएमला एका व्हॉल्व्हची मिनिटाला ७०० टिक. शिवाय ती टिकटिक गरम झाल्यावर सहसा पूर्ण जात नाही.

आधी दोन गोष्टी करा. आयडलला क्लच दाबा. आवाज बदलला तर तो क्लचकडचा, टायमिंगचा नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक आळीपाळीने टेन्शनरच्या (टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या भागाच्या) बोल्टजवळ, हेड कव्हरवर आणि सिलिंडरच्या तळाशी टेकवा. हलत्या भागापासून आणि बेंडपाइपपासून (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या पाइपपासून) हात लांब ठेवा. पिस्टनचा आवाज खाली, जाड ठकठक असा येतो आणि थंडपणी लोड दिला की वाढतो. तुमचा रेस दिल्यावर कमी होतोय.

आणि मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० काढा. थंडीत जाड ऑइल हेडपर्यंत उशिरा पोचतं.

सायलेन्सर_पॅकिंग:
बेंडपाइपचं गॅस्केटही बघा. लीक असेल तर थंडपणी फटफट-टिकटिक येते आणि धातू तापून फुगला की बंद होते. हेडला जोडलेल्या जागी काळी काजळी दिसते.

खरखर_१५०:
क्लच दाबून फरक नाही. काजळी नाही. स्क्रू ड्रायव्हरला सगळ्यात मोठा आवाज टेन्शनरच्या बोल्टजवळ.

टायमिंगवाला:
मग टायमिंग चेन ढिली पडतेय. गरम झाल्यावर का थांबते? ॲल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडर स्टीलच्या चेनपेक्षा जास्त फुगतात, त्यामुळे ढील भरून निघते. सिंगल सिलिंडरचा क्रँक आयडलला झटक्याझटक्याने फिरतो म्हणून तिथे जास्त ऐकू येते.

टेन्शनर काढण्याआधी मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण, जुळवा, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे दोन्ही टॅपेट हाताला सैल लागले पाहिजेत. टेन्शनर बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवू नका आणि किकला हात लावू नका. चेनने एक दात जरी सोडला तरी टायमिंग बिघडतं, जास्त सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतो.

आधी मागचा टोपी-बोल्ट, मग दोन फिटिंग बोल्ट. स्प्रिंगवाला (हायड्रॉलिक नसलेला) टेन्शनर असेल तर बाहेर आलेला प्लंजर (चेन ताणायला पुढे सरकणारी दांडी) अंगठ्याने दाबून बघा. आत गेला तर तो बाद. बसवताना प्लंजर पूर्ण आत घेऊन लॉक करा, नवं गॅस्केट घाला, बोल्ट कसा, आणि मगच लॉक सोडा. उलटं केलंत, म्हणजे प्लंजर बाहेर असतानाच बोल्ट आवळलेत, तर चेन आणि गाइड (चेन ज्यावरून घासत जाते त्या पट्ट्या) दोन्हींवर भयंकर ताण येतो. बोल्ट ६ एमएमचे असतील तर साधारण १० न्यूटन-मीटर पुरे, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात.

फिलरगेज:
एक भर. टेन्शनर काढताना स्प्रिंगने प्लंजर आपोआप पूर्ण बाहेर येऊ शकतो, म्हणून नुसतं त्यावरून चेन लांबली असं ठरवू नका. पण चेनच लांबली असेल तर नवा टेन्शनर थोडे दिवस आवाज दाबेल, पण चेन आणि दोन्ही गाइड एकत्रच बदलावे लागतील. मी तरी अशा वेळी नुसत्या टेन्शनरवर पैसे घालू नका म्हणेन.

बसवल्यावर प्लग काढून क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकला तर जोर लावू नका. टी खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण पुन्हा जुळली तरच सेल्फ मारा.